अण्णांचा अमरपट्टा

१९ सप्टेंबर २००५

अण्णांनी आज रबरी चेंडू खिडकीतून थेट झेंडूच्या वाफ्यात भिरकावला — तोही डाव्या हातानं! लकवा झाल्यापासून उजवा हात मांडीवर पडलेला. डॉक्टर बजावतायत, बोटं आत्ता हालली नाहीत तर कायमची जातील. अण्णांचं एकच — "मी काय ल्हान पोर हाय का, चेंडू दाबत बसायला?" मला भीती वाटते. फार वाटते.

२१ सप्टेंबर

युक्ती! कॉम्प्युटरवर जुना व्हिडिओ गेम चढवला. खड्ड्यांवरून उड्या मारायचा, लहानपणी आम्ही पिवळ्या कॅसेटवर खेळायचो तो. जोडलेल्या रिमोटवर उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली! अण्णा बसले. पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडले, खेळ खलास. रिमोट आपटला. "माझ्याच्यानं नाय व्हत." आई मेथी निवडता निवडता, "खड्डा दिसतोय ना, मग कशाला जाता तिकडं?" झालं! पेटलंच दोघांचं.

२३ सप्टेंबर

अण्णांना अमरपट्टा हवा. तसा कोड असतो — कितीही मरा, जीव कमी होत नाहीत. पंचवटीत चंदरदादाच्या सायबर कॅफेत शोधला. परदेशातली साईट, जुन्या गेमांच्या कोडचा डेटाबेस, लोकांनीच भरलेला. सापडला! घरी येऊन टाकला. चालेना मेला.

२४ सप्टेंबर

सापडली गोम! कोड दोन प्रकारचे. एक नुसत्या अक्षरांचे, तीही ठरावीकच. दुसरे आकड्यांचे, त्यात ए ते एफ एवढीच अक्षरं चालतात. आणि कुण्या दिवट्यानं आमच्या गेमचे सगळे अक्षरी कोड आकड्यांच्या नावाखाली भरलेत! नवरीकडची मंडळी नवरदेवाच्या पंगतीत बसवली, कोण वाढणार त्यांना?

२८ सप्टेंबर

साईटवाल्यांनी दुरुस्तीची परवानगी दिली. आता एका गेमवर कुठली थांबते मी! यादीतल्या शेजारच्या गेमांमध्येही हाच गोंधळ. त्यात ए आणि ई ही दोनच अक्षरं दोन्ही प्रकारांत चालतात; नुसती तीच असलेले कोड म्हणजे दोन्हीकडचे पाहुणे, कुठंही बसतात. एकेक लावूनच बघावा लागतो. एका कोडनं हिरो हवेत तरंगत गेला तो खाली येईचना. चंदरदादा वैतागला, "हर्षाली, गिऱ्हाइकं खोळंबलीत गं बाई!"

३० सप्टेंबर

अमरपट्टा चालला! कॅफेत मुद्दाम मरमर मेले, जीव तेवढेच! नवी फाईल फ्लॉपीवर घेऊन घरी, कॉम्प्युटरवर चढवली. अण्णांना म्हटलं, "आता मरणच नाही. बिनधास्त पडा." अण्णा म्हणाले, "बघू."

४ ऑक्टोबर

मी कॉलेजला गेले की दिवसभर टकटक टकटक म्हणे. आई वैतागलीय का खूश आहे, कळत नाही. "वावरात इतके टिकले नाय हे कधी!" मी जवळ गेले की अण्णा हाकलतात — "तू आली का पडतो मी." आज चौथ्या पातळीवर पोचले!

८ ऑक्टोबर

साईटच्या मुख्य माणसाची मेल. या कोडांकडे कित्येक वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं म्हणे. शाबासकी दिलीय. मी टम्म फुगलेय.

१२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. दाराआडून बघितलं. अण्णा तीनदा पडले आणि खेळ खलास! अण्णांनी रिमोट न आपटता बटण दाबलं, परत पहिल्या खड्ड्यापासून सुरू. ते जेवायला उठल्यावर तपासलं — जगाचे कोड सुधारत बसले आणि घरी कोड चालू करायला त्याच्यासमोर टिक करायचीच राहिली! अण्णांना विचारलं. "तूच म्हणली ना, मरण नाय? मेलं का उठतोच की परत."

म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत तीनच जिवांवर, सगळ्या उड्या त्यांच्याच. त्या अंगठ्याच्या.

टिक केली नाही. आत जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. ती घाबरली — "अगं, कोण मेलं?"

कोणीच नाही गं!