ठकीच्या पाठीवरचा लाल ठिपका

४ जानेवारी
कासवं नऊ. भोपळा, काकडी, गवत. सगळ्यांनी खाल्लं.
हे असं लिहायची आता गरज नाही म्हणे. नव्या साहेबांनी वही बंद केली. "मावशी, यापुढे सगळं टॅबवर." बत्तीस वर्षं या उद्यानात कासवं-मगरी-घोरपडींचं खाणं चिरतेय, आणि चौथी पास बाई असून कोणी काय खाल्लं ते रोज लिहितेय. आता एक पोरगेला माणूस येतो, बोट फिरवतो, झालं! वहीची साठेक पानं कोरी राहिली होती. रद्दीत टाका म्हणाले. टाकते कशाला? पिशवीत घालून घरी आणली. हाताला खोड लागलीय, ती काय साहेबांना विचारून सुटणार आहे?

९ जानेवारी
मगरीचा खड्डा बुजवला. आता तिला काचेची भिंत. पूर्वी माणसं कठड्यावरून वाकून तिला बघायची. आता ती पाण्याखालून सगळ्यांचे पाय बघते. खूश दिसली मेली.
सापघरातल्या पाट्याही बदलल्या. माझ्या डोळ्यांना एकही वाचता येत नाही, इतकी बारीक अक्षरं. साप तरी कुठे वाचतायत म्हणा.

१२ जानेवारी
खाण्याचा नवा तक्ता आला. भोपळा सोलून, बिया काढून, तोलून.
ठकीने तोंड फिरवलं. तिला साल लागते. लहानपणापासून. ठकी बशीएवढी होती तेव्हा माझी लेक शाळा सुटली की इथेच यायची, माझ्या पाटाजवळ बसायची आणि सालीचे तुकडे तिला भरवायची. नाव लेकीनेच ठेवलं. नऊ कासवांत तिची ठकी ओळखू यावी म्हणून माझ्या जाऊबाईंची नखं रंगवायची बाटली पळवून पाठीवर लाल ठिपका काढला. केवढी बोलणी खाल्ली होती! त्या वेळी दहा वर्षांची होती.
मी सालासकट टाकला भोपळा. तक्ता गेला खड्ड्यात. खड्डा बुजवलाय, तरी.

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी नऊही कासवांच्या मागच्या पायात दाण्याएवढं काहीतरी टोचलं. त्यात म्हणे नंबर असतो, यंत्र धरलं की कळतो. मग मला म्हणाल्या, "मावशी, आता पाठीवरचे जुने रंग घासून काढा. कवचाला बरे नाहीत."
आठांचे काढले.
ठकीच्या ठिपक्यावर चिखल चोपडला.

२० जानेवारी
एक मादी दुसरीकडे द्यायचीय. दुसऱ्या शहरात मोठं कासवघर झालंय. आणि त्यांना ठकीच हवी! फोटो बघून पसंत केली, जशी काही सून करून न्यायचीय.
"पाच नंबरची न्या ना," मी म्हटलं. "तरणी आहे, काय द्याल ते खाते."
"त्यांना हीच पाहिजे, मावशी. पत्र आलंय तसं."
पत्र आलंय! मला नाही कोणी पत्र घालून विचारलं.

२१ जानेवारी
डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ठकीच्या नाकातून पाणी येतंय. कासवाचं नाक गळलं की त्याला हलवत नाहीत, एवढं मला कळतं. त्यांनी वाकून बघितलं. माझ्याकडेही बघितलं. म्हणाल्या, "असं होय? मग चार दिवस थांबू."
पाणी मीच लावलं होतं. फडक्याने. या वयात!

२३ जानेवारी
जेवताना सुनेला सगळं सांगितलं. कुठलं शहर, तिने विचारलं. मी नाव सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.
"आई, तिथे तर ताई..."
"माहितीये."
खरं तर तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ठकी जाणार एवढंच घेऊन बसले होते.
"ताईंना आता नोकरी कुठे लागलीय, ठाऊक आहे का तुम्हाला? त्या..."
"मी विचारलं? भाजी वाढ."
तिने भाजी वाढली. ती लेकीशी फोनवर बोलते, मला कळतं. बोलताना गॅलरीत जाते आणि येताना डोळे पुसून येते. नात झाली तेही असंच कळलं. आता सहा वर्षांची असेल. कोणासारखी दिसते, विचारलं नाही.
तेरा वर्षं झाली. उद्यानात गवताची गाडी घेऊन यायचा, त्याच्याबरोबर लेक निघाली. माणूस वाईट नव्हता. मला विचारलं नाही, हे नाकाला झोंबलं. फाटकात, गवताच्या गाडीसमोर, सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती गेली, आणि दाखवलं नाही. लहानपणी दहा वेळा सांगितलेलं एकदा ऐकायची नाही. हे मात्र ऐकलं.

२४ जानेवारी
ठकीच्या पाठीवरचा चिखल धुतला. ठिपका तेवढाच आहे. भोवतीचं कवच वाढलंय, कड्यावर कडं. मोजायला बसले. पुढे मोजवेना.

२५ जानेवारी
सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, ठकी ठणठणीत आहे. न्या तिला. नाकाला पाणी मीच लावलं होतं."
त्या हसल्या. "ठाऊक आहे मला. सर्दी झालेल्या कासवाच्या नाकाला भांड्याच्या साबणाचा वास येत नाही, मावशी."
"मग त्या दिवशीच का नाही बोललात?"
"म्हटलं, चार दिवस तर चार दिवस. मिळतायत तर घ्या."
कार्टी आहे चांगली. "ठिपका मात्र काढणार नाही," मी म्हटलं. "कवच माझं नाही, ठाऊक आहे. पण ठिपका माझ्या घरातला आहे."
त्यांनी यंत्र धरून नंबर बघितला आणि म्हणाल्या, "मला ठिपका कुठे दिसतोय?"

३० जानेवारी
ठकी गेली. लाकडी पेटी, खाली गवत, बाजूंना भोकं. गाडीवाल्याला सांगितलं, वळणावर सावकाश घे. "आजी, कासव आहे, काच नाही." म्हटलं, तुझ्या आजीला घेऊन जातोयस असं समज. मग मुकाट दोर आवळला.
सालीचा एक तुकडा पेटीत सरकवला. भोकातून नाक बाहेर काढून हुंगत होती.
माझ्या डोळ्यांत गवताची कुसळं गेली. लिहून ठेवते, कुसळंच.

२ फेब्रुवारी
कासवं आठ. खाल्लं.

५ फेब्रुवारी
उगाच विचार करत बसते. लेक तिथे कशाला जाईल? स्वतःच्या शहरातलं माणसं कधी बघतात का! पाहुणे आले तर एखादे वेळी. किंवा पोरीने हट्ट धरला तर. सहा वर्षांची पोर हट्ट धरतेच. आणि हिची पोर, म्हणजे धरणारच.
गेली समजा. बघितला समजा ठिपका. मग तिची ती काय ते बघेल. मी काही तिला बोलावलं नाही. मी फक्त कासव पाठवलंय.

८ फेब्रुवारी
ठकीच्या कोपऱ्यात आता पाच नंबरची बसते. तिला सालासकट भोपळा टाकून बघितला. साल तेवढी ठेवून उठली.

९ फेब्रुवारी
घरी मन लागत नाही. सून म्हणाली, "आई, फोन लावून देऊ का?" मी म्हटलं, कोणाला? ती म्हणाली, कोणालाच नाही.

११ फेब्रुवारी
रिकामी पेटी परत आली. झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासाठी आहे. तिथल्या कासवं बघणाऱ्या बाईंनी लिहिलाय. त्यांनीच ठकी मागितली होती."
अक्षर बघितलं आणि पेटीवरच बसले. शाळेत असताना माझी खाण्याची वही कितीदा तीच लिहायची.
कागदावर होतं: कासव एक. पोहोचलं. भोपळा, सालासकट. सगळा खाल्ला.
खाली लिहिलंय: मी तोंड दाखवायचं नाही, असं तू म्हणाली होतीस. तू दाखवायचं नाहीस, असं कुठे ठरलं होतं?
जीभ माझीच घेऊन गेली कार्टी. साहेबांकडे सुट्टी टाकलीय, उद्यापासून. पिशवीत भोपळा भरला.