खिडकीचं टेबल

८ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिलं म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने रचतोस. मागच्या खेपेला कॉलेजात घोड्याची दाढ काढली असं मी सांगितलं, तर तू आईला कळवलंस की माझी दाढ काढली. आई बिचारी आठवडाभर मला मऊ खायला सांगत होती.

तिसरं वर्ष सुरू झालं. पुस्तकातली जनावरं संपली, आता खरी आली. काल एका बकरीने माझ्या ॲप्रनचा खिसा खाल्ला. खिशात पेन होतं, ते तिने सोडलं, एवढी तिची सज्जनता.

आता मुद्द्याचं. माझी शिष्यवृत्ती तुमच्या ऑफिसातून अजून आलेली नाही. खोलीतल्या दोघींची जुलैतच आली, आणि त्यांचे अर्ज माझ्यामागून गेले होते. त्यांचं तुमच्या ऑफिसात काळं कुत्रं ओळखीचं नाही. ऑक्टोबरअखेर फी भरली गेली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत आणि अख्खं वर्ष पाण्यात जाईल. मी घाबरलेली नाही. वशिलाही नको. अर्ज कुठे अडकलाय तेवढं बघून कळव.

लोभ आहेच, तो उन्हाळ्यात भेटलो तेव्हाइतकाच ठेवावा.

तुझी भाची

१७ ऑगस्ट

चि. वकीलीणबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झोपायची वेळ कुणी ठरवली, कागद दाखव, असं तू पाच वर्षांची असताना मला ठणकावलं होतंस. तेव्हापासून हे नाव चिकटलं. घराण्याला वकिलाऐवजी जनावरांची डॉक्टर मिळणार असली तरी मी ते बदलणार नाही.

अर्ज सापडला. दोष तुझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. अर्जात एक रकाना असतो, 'या कार्यालयात कुणी नातेवाईक आहे काय'. बहुतेक सगळे तो रिकामा सोडतात. तू लिहिलंस, 'हो, सख्खा मामा.' वर 'सख्खा'खाली रेघ मारलीस. वाचून माझी छाती फुगली आणि लगेच मी कपाळावर हात मारला. इथल्या कुणाच्याही नातलगाचा अर्ज आमच्या टेबलांवर घेत नाहीत, मागच्या खोलीतल्या वेगळ्या टेबलाकडे पाठवतात. नियम चांगलाच आहे. पण त्या टेबलावरचे गृहस्थ पाठ धरली म्हणून रजेवर गेले ते गेलेच. त्या खोलीला खिडकी नाही, उंदीर मात्र आहेत, त्यामुळे त्यांच्या जागी बसायला कुणी तयार होत नाही. ज्या पोरांचं कुणी ना कुणी इथे आहे, त्यांचेच सगळे अर्ज तिथे धूळ खात पडले आहेत.

माझं टेबल तुला ठाऊक आहे. खिडकीपाशी बसायला मिळावं म्हणून सारी नोकरी वाट पाहिली, आता कुठे मिळालं. समोर सायकलवाल्याच्या दुकानाचा पत्रा आहे, त्यावर एक बोका येतो. पांढरा, काळा, तांबूस, तिन्ही रंग अंगावर. मागच्या डाव्या पायाने लंगडतो. मे महिन्यात मी निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघे असेच समोरासमोर बसणार आहोत. हल्ली त्याचं पोट माझ्यासारखं सुटत चाललंय. काही औषध असेल तर दोघांसाठी कळव.

काळजी करू नकोस. ती मी मोठ्या पगारावर करतो आहे.

तुझा मामा

२७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या खेपेला 'अनेक' लिहिलेलं नाही, हे वाचलंस ना?

पोरीचं पत्र आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. परक्यांच्या मुलांना तू भराभर मंजुरी देतोस आणि सख्खी भाची रांगेत उभी! बेकरीत भट्टीपुढे उभी राहून मी तिला इथवर आणलं आहे. काल मालकिणीने विचारलं, भाऊ तिथेच असून मुलीचं कसं रखडलं. त्या नादात पावाचे दोन साचे करपले ते वेगळंच.

तुझ्या शिस्तीचं काय लोणचं घालायचंय? तो एक 'हो' खोड आणि रकाना रिकामा कर. बाकीचे ठेवतातच ना? एका शब्दाचं काम आहे. तिचं वर्ष गेलं तर मी तुला माफ करेन, कारण तू माझा भाऊ आहेस, पण ते मला फार जड जाईल.

तब्येतीला जप. कान दाखवून ये.

तुझी ताई

३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग डोक्यावर घेतला. खोडणार मात्र नाही. तो शब्द तिने माझ्या भरवशावर लिहिला आहे, मीच तो पुसला तर उद्या तिला तोंड कोणतं दाखवू?

पण हातावर हात ठेवूनही बसलेलो नाही. नियमाला धक्का न लावता जाणारी एक वाट दिसली आहे. साहेबांना काल लेखी दिलं, ते माझ्याकडे बघतच राहिले, मग सही केली. काय ते विचारू नकोस. तुझ्या पोटात राहणार नाही, आणि वकीलीणबाईला कळलं तर ती माझ्यावर दावा लावेल. तू निश्चिंत भट्टी सांभाळ. मालकिणीने पुन्हा विचारलं तर सांग, माझा भाऊ हळू चालतो पण पोचतो.

कान दाखवले. डॉक्टर काहीतरी म्हणाले, नीट ऐकू आलं नाही.

तुझा धाकटा

११ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईने तुला काय लिहिलं ते तिने मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मामा, तो 'हो' खोडू नकोस. तू माझा मामा आहेस हे मी कुठल्याच कागदावर नाकारणार नाही, मग वर्ष गेलं तर गेलं. हे एक वाक्य लिहायला तीन कागद लागले, खोटं कशाला सांगू? फीची मुदत वाढवून मागायला कॉलेजच्या प्रमुखबाईंकडे गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच नाही म्हटलं. बाहेर येऊन मी एकदा रडले, तोंड धुतलं आणि वासराच्या तपासणीला गेले. वासराला काही कळलं नाही.

आता तुझ्या बोक्याचं. तीन रंगांचा बोका मी अजून पाहिलेला नाही आणि आमच्या शिकवणाऱ्या बाईंनीही नाही. पोट का सुटलंय याचा मला दाट संशय आहे. औषध नको. तू खिडकीतून रोज नीट बघ, आणि काही वेगळं दिसलं की कळव. माझी ही पहिलीच स्वतंत्र केस आहे, हसू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी वकीलीणबाई

२६ सप्टेंबर

चि. वकीलीणबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडं हललं. मागच्या खोलीत एक माणूस बसवला आहे. म्हातारा आहे, बहिरट आहे, पण कामाला बरा असावा. तुझा अर्ज मात्र काही कारणाने त्याच्याकडे न राहता एका नव्या मुलीच्या टेबलावर गेला. पोरगी चटपटीत आहे आणि तिला आपलं नातं ठाऊक असूनही ती तुला काडीची सूट देणार नाही. तुझा उत्पन्नाचा दाखला तिने दोनदा तपासला. मला फार बरं वाटलं. पैसे वेळेत पोचतील, हा माझा शब्द.

बोका मजेत आहे. पत्र्यावर एकटाच उन्हात पडलेला असतो, पोट आहे तसंच. तुझा संशय तुझ्यापाशी ठेव. मला हल्ली धुळीने शिंका फार येतात, बाकी ठणठणीत.

अभ्यास कर. बकऱ्यांपासून खिसे सांभाळ.

तुझा मामा

२२ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पैसे आले, फी भरली, परीक्षेला बसते आहे. आईने बेकरीतल्या सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

बँकेतून थेट तुझ्या ऑफिसात आले होते, काल. तुला चकित करायचं म्हणून न कळवता आले, आणि चकित मीच झाले. खिडकीपाशी ती चटपटीत मुलगी बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला खिडकीशी नेलं. समोर पत्र्यावर तुझा बोका चार पिल्लांना दूध पाजत होता. ही कधीची, असं मी विचारलं. ती या टेबलावर आली त्याच आठवड्यातली, असं ती म्हणाली. म्हणजे तू मला लिहिलंस तेव्हा पत्र्यावर पाच जीव होते, आणि तुला एकटा बोका उन्हात पडलेला दिसत होता!

मग तिने सगळं सांगितलं. मागचं टेबल तू स्वतः मागून घेतलंस. भाचीचा अर्ज मामाच्या टेबलावर राहू शकत नाही, आणि मागच्या टेबलावर बसणाऱ्याच्याच नातलगाचा अर्ज पुढच्या टेबलाकडे पाठवतात, म्हणून नियमानेच तो खिडकीकडे आला. वकीलीण मी आणि पळवाट शोधलीस तू! आणि ती पळवाटही नाहीच म्हणा, ती तुझी खिडकी होती.

मी मागच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. तू बाह्या सारून, नाकाला रुमाल बांधून बसला होतास. समोर बाकावर पोरं बसली होती, सगळी कुणाची ना कुणाची भाची, पुतणी, मेव्हणी. तू एकेकाला जवळ बोलावून कान पुढे करून ऐकत होतास. त्यातल्या एका मुलीला तू कागद दिलास तेव्हा ती तिथेच मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मी आत आले असते तर तू काम टाकून उठला असतास, आणि मला भडभडून आलं असतं. म्हणून तशीच परत फिरले. इतका अभिमान मला कुणाचा वाटलेला नाही, हे तोंडावर सांगता आलं नसतं म्हणून लिहिते.

सोमवारी मी पुन्हा येते आहे. एक पिल्लू आता दूध सोडण्याच्या बेताला आलंय, सायकलवाल्याला विचारून ठेवलंय. मागच्या खोलीत उंदीर आहेत असं तूच लिहिलं होतंस. त्याच्या आईचा डावा पायही बघेन. आणि हो, पिल्लू बोका आहे, मी तपासलं आहे.

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा भरायचा आहे. तोपर्यंत तू निवृत्त झालेला असशील, तेव्हा त्या रकान्यात मला 'नाही' लिहावं लागेल. लिहीन, कारण खरं तेच लिहायचं हे आपल्या घरात ठरलेलं आहे. पण खाली रेघ मारणार नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तू तर तो टेबलासकट देऊन टाकलास. तरी मागते, असाच असू दे.

तुझी सख्खी भाची