डब्यातल्या चिठ्ठीवरची दोन नावं

पप्पा, तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण आता दोन्ही हातांनी ओढावं लागतं. पण रविवारी दुपारी सिंगापुरात हौगांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमतात, तेव्हा प्रार्थनेच्या चिठ्ठ्या आजही त्यातच पडतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. चिठ्ठ्या उघडून प्रार्थना करायचं काम आता माझ्याकडे आलंय.

ती निवडणूक मला अजून जशीच्या तशी आठवते. आपल्या चर्चमधले डॉक्टर उभे होते, मम्मीच्या आजारपणात रोज घरी येऊन इंजेक्शन देणारे. मी पंधरा वर्षांची. 'प्रभू, डॉक्टर अंकलना निवडून आण' असं ठसठशीत लिहून मी चिठ्ठी डब्यात टाकली. सेम्बावांगच्या गोदीत जहाजं दुरुस्त करताना लागलेलं ग्रीस तुमच्या नखांतून रविवारीसुद्धा जात नसे. त्या बोटांनी तुम्ही चिठ्ठी उघडता, अक्षर ओळखता, माझ्याकडे एकदा बघता आणि डोळे मिटता. "प्रभू, मत देणाऱ्यांना शहाणपण दे. निवडून येईल त्याला नम्रता दे, हरेल त्याला धीर दे." संपलं. नाव नाहीच!

स्वयंपाकघरात मम्मी कडाडली, "त्या माणसाने मला अंथरुणातून उठवून बसवलं, आणि तुमच्या तोंडून त्यांचं नाव निघेना?"

तुम्ही शांतपणे चहा गाळत होता. "मत त्यांनाच देणार आहे गं. शनिवारी सकाळी पहिला जाऊन. पण देवालाही त्यांच्या बाजूला उभं करायचं? ते काम मला कुणी दिलेलं नाही."

"पण समोरचा तर देवळात उदबत्त्या लावतो," मी मध्येच तोंड घातलं.

"मग? निवडून आला तर आपला खासदार तोच ना? आपली लिफ्ट बंद पडली तर त्यालाच सांगायचं ना?"

डॉक्टर हरले. मला तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. माझा बाप घाबरट आहे, असं मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा. तुम्ही गेल्यावर तुमच्या बायबलमध्ये तीच चिठ्ठी सापडली. माझ्या ओळीखाली तुमच्या बारीक अक्षरात समोरच्या उमेदवाराचं नाव होतं, आणि पुढे, 'यालाही सांभाळ.' मी तिथेच जमिनीवर बसून रडले. एवढं मोठं मन माझ्याच घरात होतं आणि मला ते भित्रं वाटलं.

या खेपेला तुमची नात उभी आहे, पप्पा. पहिलीच वेळ. दारोदार फिरून पायांना फोड आलेत, जेवण जात नाही. काल प्रार्थनेआधी माझा हात धरून, आपल्या सिंगापुरी ढंगात, म्हणाली, "मम्मी, जस्ट से माय नेम लाह. सगळी आपलीच माणसं आहेत."

डबा मांडीवर होता. नाव ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मी तुमचीच प्रार्थना केली, शब्दाला शब्द. 'हरेल त्याला' म्हणताना डबा घट्ट धरला. ती उठून गेली.

सगळे गेल्यावर मीही एक चिठ्ठी लिहिली, तिचं आणि तिच्या विरोधकाचं नाव घालून, 'दोघांनाही सांभाळ', आणि डब्याच्या तळाशी जपलेल्या तुमच्या चिठ्ठीला लागून ठेवली. हे पत्र डब्यातच राहील. फक्त एक कबूल करते, पप्पा. आपल्या पोरीचं नाव मी वर लिहिलंय, आणि जरा मोठ्या अक्षरात.