एका बिल्ल्याच्या दोन मालकिणी

मंगळवार, दिवेलागणीला

कंप्युटरवर शेळ्यांच्या लसीकरणाची दोन टेबलं जोडता जोडता आज दिवस गेला. एकात शेळ्यांच्या नोंदी, दुसऱ्यात मालकिणींच्या. एका शेळीला एकच मालकीण, असं मीच धरून चाललेले. सॉफ्टवेअर मात्र अडून बसलं, एकच बिल्ला दोन बायकांच्या नावावर आलाय म्हणून. कानातला तो पिवळा बिल्ला तर दर शेळीचा वेगळा! एक ओळ उडवायची नि मोकळं व्हायचं. पण कुठली उडवू, गोदाबाईची की कौसाबाईची?

शेवटी हट्टा गावच्या गोदाबाईला फोन केला. "शेळी कौसाबाईची हाय. मी अर्धलीनं सांभाळते, पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी." मग औंढ्याच्या कौसाबाईला लावला. ती म्हणते, "मी निस्ती इकत घेतली. लेकरावानी वाढवली गोदानं, तिचीच लिवा."

मला वाटलेलं, भांडतील.

मग मध्ये तिसरं टेबल केलं. त्यात नुसता बिल्ला आणि बाई. एका बिल्ल्याला लागतील तेवढ्या ओळी. लगेच जुळलं. आणि मी काहून दुपारभर चिडून राहिले होते?

गोदाबाईला परत सांगितलं, आता लसीचा मेसेज दोघींना येईल. तिनं विचारलं, "बाई, शेळी दगावली तर ते बी तुमीच कळवता का? मागं पिल्लू गेलं, तवा कौसाबाईला सांगाया माझी जीभच उचलंना."

व्हय म्हणाले. पण त्या बिल्ल्यावर तसली वेळ आलीच, तर मेसेज नको. आधी कौसाबाईला मीच फोन करीन. मग गोदाबाईला, 'सांगितलं मी तिला' म्हणून.