घाटाआधीचा ब्रेक

शुक्रवार, ११ जुलै. संध्याकाळ.

शाळेतल्या मास्तरांच्या जुन्या छोट्या गाडीच्या ब्रेकमधली हवा मी काढली, तरी पेडल पायाखाली हळूहळू खाली जातंच. तेल कुठे गळत नाही. आतलं रबर झिजलं असेल का? गॅरेजमध्ये मला काम शिकवणाऱ्या उस्तादांना सांगितलं, तर हसले.

"भ्यालास व्हय रं? ब्रेक तू केलास, मग उद्या गगनबावड्याच्या घाटात तूच म्होरं बसायचं. आपली रीत हाय."

मास्तर म्हणाले, "दोनदा दाबला की लागतोय की!"

मागे त्यांची बायको, लेक बसणार. आता जेवताना मी पाय जमिनीवर दाबून बघत होतो. जमीनही खाली गेल्यासारखी वाटली.

गॅरेजमधून निघतानाच गाडीची किल्ली मी गुपचूप खिशात घातली होती. उस्तादांनी कानाखाली काढली तरी सकाळी देणार नाही.