मागच्या भेटीबद्दल आभार

सोमवार, ४ नोव्हेंबर
काल लिहिताना एक चूक झाली, ती आधी सुधारते. बेसिनच्या काठाखालचं, जास्तीचं पाणी वाहून जायचं भोक साबणाच्या गाळाने तुंबलंय असं मी लिहिलं होतं. गाळ नव्हता. बाटली धुवायच्या ब्रशने उकरलं तेव्हा राखाडी लोकरीचा बोळा निघाला, बोटाने घट्ट ठासलेला. मग सोडा आणि गरम पाणी ओतून भोक साफ केलं. चूक दिसली की लगेच दुरुस्त करायची, ही बाबांची शिकवण. मी वाढले त्या बेटावर आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि आई-बाबा.

बेट सोडून आले ते हे क्रिस्तियानसुन शहर छान आहे. खिडकीतून बंदर दिसतं. ग्रंथालयातलं काम आवडतंय. ओळखीचं मात्र अजून कुणी नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर
सकाळी दात घासताना भोकातून एका बाईचा आवाज आला, अगदी मायेचा. "मागच्या भेटीबद्दल आभार हं!" पुन्हा भेटल्यावर आपल्या नॉर्वेत सगळेच म्हणतात, तसं. तोंडात फेस असतानाच मी म्हणून गेले, "तुमचेही आभार." आईने लावलेली सवय. मग लक्षात आलं, आमची भेट कधी झालेलीच नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
खाली राहणाऱ्या बोर्गहिल्डबाईंना जिन्यात विचारलं, तुम्हीच बोललात का. त्या हसल्या. "अगं पोरी, मला बोलायचं असलं तर जिना चढेन, नळात कशाला तोंड घालू!" मी काय उत्तर दिलं ते सांगितल्यावर मात्र हसू मावळलं. म्हणाल्या, म्हणजे ओळख आहे हे तू कबूल केलंस. आता ती तुझ्याकडे यायचं म्हणेल. ये म्हणू नकोस. तुझ्या आधी इथे राहणारी मुलगी 'ये' म्हणाली. खोलीत तिचे बूट सापडले, ती नाही. तो बोळा मीच घातला होता.

शनिवार, ९ नोव्हेंबर
बोळा परत ठासला. सकाळी बेसिनमध्ये पडलेला, ओला. भोकातली ती म्हणाली, आता भेटायचं ते तुझ्याकडे. मी नळ मोठा सोडून तिचा आवाज बुडवला. दिवसभर दुसऱ्या कुणाशी बोलणं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
जेवलीस का, विचारते. दमलीस का, विचारते. दुसरं कोण —
भोकातून केस आला. लांब. ओढत राहिले, संपेना —

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
बोर्गहिल्डबाई दार उघडत नाहीत. ग्रंथालयात आज कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. तिने मारली.
कधी येऊ, म्हणाली. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण —
रविवारी. सतरा नोव्हेंबरला, दुपारच्या कॉफीला. दोन कप मांडून मी स्वतः तिला ये म्हणणार. तोवर निदान कुणाची तरी वाट —