लंगडा चार

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सवय जाता जात नाही. तुझी लेक चिमणी माझ्याकडे सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढे सरक. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस आणि मी पाघळते.

बाबांची पाण्याखाली श्वास घ्यायची पिवळी हवेची टाकी घेऊन ती परवा माझ्या वर्कशॉपमध्ये आली. रविवारी पहिल्यांदा खोल समुद्रात उतरणार, तेही आजोबांची टाकी पाठीवर बांधून, म्हणून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. तपासणी झालीय, हवाही गेल्या हंगामात भरलेली आहे, ताईनं फक्त वरून चकाचक करून द्यावी, असा तुझा निरोप होता.

रंग मात्र झकास दिलायस हो! नखानं खरवडला तर खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली गंजाचे खड्डे. जुन्या टाक्या दुरुस्त करण्यात माझे केस पांढरे झाले, म्हणून मी वरच्या रंगाला भुलत नाही, आत बघते. हवा सोडून दिली, व्हॉल्व्ह काढला आणि टाकी बादलीवर उलटी केली. तपकिरी, बुळबुळीत पाणी भळाभळा बाहेर आलं. मागून गंजाचे पोपडे. त्यापुढे गटार परवडलं. कितीही हात धुतले तरी जेवताना घास तोंडाशी नेववेना. किळस आली मला, आणि खरं सांगू, ती त्या पाण्याची कमी आणि तुझी जास्त.

कारण टाकीच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली होती, अगदी ताजी, आणि तिच्यातल्या चाराचा पाय तुटका होता. धातूवर आकडे ठोकायच्या बाबांच्या ठशांच्या पेटीतला लंगडा चार. लहानपणी तूच तो फरशीवर आपटून तोडलास. बाबा रागावले नाहीत. उलट 'लंगडोबा' म्हणून त्याला लाडानं हाक मारायला लागले. ते गेल्यावर ती पेटी मी तुला दिली, आठवण म्हणून. तिच्यानं तू खोटे शिक्के मारतोस! तुझ्या दुकानात अशा रंगवलेल्या टाक्या ओळीनं मांडलेल्या मी पाहिल्यात. जुनी वस्तू म्हणून हौशी माणसं त्या कौतुकानं घेऊन जातात. आज कुणाकुणाच्या पाठीवर लंगडोबा असेल? दुधात पाणी घालणारासुद्धा ते दूध स्वतःच्या पोराला पाजत नाही रे.

हे सगळं मला दिसलं ते टाकी उघडल्यावर. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती, आणि तीच लिहायला इतका वेळ टाळते आहे. बाबांचा नियम तूच तिला सांगितलास ना? दुरुस्त टाकीतला पहिला श्वास आपला, मग गिऱ्हाइकाचा. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात ती बाबांच्या स्टुलावर बसली, नळी जोडली आणि आजोबांसारखी ऐटीत श्वास घ्यायला लागली. बंद टाकीतला ओला गंज महिनोन्महिने हवेतला प्राणवायू खात बसतो. काटा टाकी भरलेली दाखवतो, पण त्या हवेवर माणूस जगत नाही. मी बाहेर आले तर ती हसत होती. ना खोकला, ना गुदमरणं. हसता हसताच तिची मान कलली. मी नळी तोंडातून ओढून काढली आणि तिला दाराशी नेलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले. पाण्यात असती तर? टाकी मी करवतीनं उभी कापून टाकली आहे. विकलेल्या सगळ्या टाक्या तू परत आणायच्यास. नाहीतर मी दारोदार फिरेन. पण त्याआधी इथे ये, ठशांची पेटी घेऊन. कापलेली टाकी पुढ्यात ठेवून चिमणी मला सारखी विचारते आहे, हा शिक्का कुणी मारला. मी सांगितलेलं नाही. तिची खात्री आहे, की तो माणूस सापडला तर तिचे पप्पा त्याला सोडणार नाहीत.

अजून तरी तुझीच,
ताई